उगवण पंच्याण्णव टक्के

विलास पाट घेऊन आला, तेव्हा प्रदीप मरवडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून प्रतिज्ञा लिहीत होता. प्रतिज्ञा अशी होती: ‘मी यंदा माझ्या घरी कंपनीने दिलेली पर्यावरणपूरक गणेशमूर्तीच बसवीन आणि इतर कोठूनही मूर्ती आणणार नाही.’ खाली नाव, विभाग आणि सहीची जागा. अशा चाळीस प्रती काढायच्या होत्या.

विलास हा थोरला भाऊ. तो खांब गावात वडिलांच्या घरी राहत होता आणि घरचा गणपती आजवर तिथेच बसत आला होता. यंदा त्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकायचं काम निघालं होतं. त्यामुळे गणपती पहिल्यांदाच धाकट्याकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या फ्लॅटमध्ये येणार होता.

“हा घे,” विलासने शिसवी पाट भिंतीला टेकवला. “आजोबांचा हाय. या महिन्यातच पेणला पुंडलिककाकांकडं नेऊन दे. आणि नावाची चिठ्ठी चिकटव, नायतर कोणाच्या तरी घरी जाऊन बसंल.”

ज्या पाटावर गणपती घरी यायचा, तो पाट आधीच मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यायची त्या भागातली रीत आहे. पाट पोचला की मूर्ती ठरली. त्यानंतर आठवण करावी लागत नाही, फोन करावा लागत नाही.

“यंदा पाट द्यायचा नाय, दादा,” प्रदीप म्हणाला. “मूर्ती कंपनी देणारे.”

“कंपनी बूट देते, साबण देते. गणपती कधीपासून द्यायला लागली?”

“माझंच काम हाय ते. मीच देणार म्हण की. शाश्वतता. सगळ्या कंपन्यांत चाललंय आता.”

विलासने लॅपटॉपकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. “चतुर्थीला आम्ही सतरा माणसं येणार,” तो उठता उठता म्हणाला. “तेवढं शाश्वत ठेव.”

तो गेल्यावर प्रदीपने पाट कपाटामागे सरकवला. शीतल, त्याची बायको, दारात उभी राहून ते पाहत होती. कपाट पुन्हा भिंतीला नीट लागलं नाही, हे तिने बोटाने दाखवलं.

वर्णदीप डायकेम ही रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतली कापडाचे रंग बनवणारी कंपनी. प्रदीप तिथे सामाजिक उत्तरदायित्व अधिकारी होता. त्याची वरिष्ठ मृणाली मॅडम मुंबईच्या मुख्य कार्यालयात बसत आणि दरवर्षी शाश्वतता अहवाल काढत. यंदाच्या अहवालासाठी त्यांनी योजना आखली होती. स्वतः प्रदीप धरून चाळीस जणांना बिनरंगाच्या शाडूच्या मूर्ती द्यायच्या, प्रत्येक मूर्तीच्या पोटात बिया ठेवायच्या, विसर्जन घरीच कुंडीत करायचं आणि त्यातून झाड उगवायचं. रंगाचा कारखाना बिनरंगाचे गणपती वाटणार, यावर कॅन्टीनमध्ये दोन दिवस चर्चा झाली. मग सगळ्यांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. चाळीसपैकी चाळीस. एवढा एकमुखी प्रतिसाद कंपनीत हेल्मेटलाही मिळाला नव्हता. एकाने तर “अजून कुठं करायची हाय का सही?” असंही विचारलं.

अडचण बियांची निघाली. अहवालात ‘उगवण टक्केवारी’ असा एक रकाना होता आणि त्यात लक्ष्य नव्वद टक्क्यांचं लिहिलेलं होतं. प्रदीपने खैर, बहावा आणि बेहडा यांच्या शंभर बिया आणून ऑफिसच्या खिडकीत ट्रेमध्ये पेरल्या. तीन आठवड्यांत बावीस उगवल्या.

कंपनीच्या मूर्ती पुंडलिककाकाच करणार होते, म्हणून ही तक्रार घेऊन तो पेणला त्यांच्या कारखान्यात गेला. पुंडलिककाका सत्तरीचे होते आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजूनही स्वतःच करत. तेवढा वेळ कोणाशी बोलत नसत. म्हणून प्रदीपने गाऱ्हाणं माती मळणाऱ्या गंगीला सांगितलं. गंगी डोंगराकडच्या वाडीवरून रोज कामाला यायची.

“बेहडा असा खिडकीत उगवतो व्हय?” ती माती तुडवता तुडवता म्हणाली. “त्याला रानात पडावं लागतं. गुरानं खावा लागतो, टाकावा लागतो. एक पावसाळा कुजावा लागतो. मग त्याच्या मनात आलं तर उगवतो.”

“आमच्याकडं मार्चला वर्ष संपतं.”

“मग कंपनीला घाई हाय, दादा. बेहड्याला नाय.”

उत्तर प्रदीपला श्रावणातल्या एका सोमवारी घरीच सापडलं. शीतलने बिरड्यासाठी वाल भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, शेगडीजवळच्या उबेला ठेवले होते. तिने फडकं सोडलं, तेव्हा एकूण एक दाण्याला पांढरा आकडेबाज मोड आला होता. प्रदीप ताट घेऊन बसला आणि मोजू लागला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव दाण्यांना मोड होता.

“सोलायला बसलात ते बरं झालं,” शीतल म्हणाली.

“मोजतोय.”

“दोन कमी भरले तर मुंबईला कळवणार?”

त्याने मुंबईलाच कळवलं. मृणाली मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “वाल स्थानिक आहे ना?” रायगड जिल्ह्यात वालाहून स्थानिक असं काही नाही, असं प्रदीपने लिहून पाठवलं आणि मंजुरी आली.

पुंडलिककाकांनी मात्र वालाची पिशवी बराच वेळ हातात धरली. “झाडाचं बी झोपून राहतं रे. वालाला झोप नाय. पाणी दिसलं की उठला.”

“पाणी विसर्जनालाच दिसंल, काका.”

“बघ बाबा.” त्यांनी वाळलेल्या चाळीस मूर्तींच्या बैठकीला खालून खळगी पाडून घेतली. प्रत्येकीत कोरड्या भुशात पाच-पाच वाल ठेवून तोंड पातळ मातीने लिंपलं. टेम्पोत मूर्ती चढवताना त्यांनी दोनदा बजावलं, “उन्हात ठेवू नको, तडकतील. दमटात ठेवू नको, ते तुला ठाऊकच हाय.”

चतुर्थीला आठ दिवस होते. मूर्ती कंपनीत आल्या खऱ्या, पण ठेवायला जागा नव्हती. गोदामात रसायनं होती, सभागृहात प्रशिक्षण चालू होतं. सुरक्षा विभागाने शेवटी बॉयलरच्या भिंतीला लागून असलेली जुनी खोली दिली. ती कोरडी ठणठणीत होती. प्रदीपला ती पसंत पडली. किल्ली पोपट नावाच्या सुरक्षारक्षकाकडे गेली आणि त्याच्यासाठी प्रदीपने लेखी सूचना काढली: ‘मूर्ती तडकू नयेत याची दक्षता घ्यावी.’ दमटपणाबद्दल त्याने काही लिहिलं नाही. कोरड्या खोलीत ते लिहिण्याची गरज नव्हती.

पोपट हा प्रामाणिक माणूस होता. पहिल्याच दिवशी बॉयलरच्या उबेने एका मूर्तीच्या पाठीवर केसाएवढी रेघ दिसली, तेव्हा तो बेचैन झाला. त्याचं आजोळ पेणला होतं. कच्च्या मूर्ती तडकू नयेत म्हणून कारखान्यात ओलं फडकं टाकतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने स्टोअरमधून गोणपाटं मागवली, मांडणीच्या चारी बाजूंनी पडद्यासारखी बांधली आणि भिजवली. नंतर नोंदवहीत रीतसर नोंद ठेवली: ‘सकाळी आठ, गोणपाट ओले केले. दहा, ओले केले. बारा, ओले केले.’ पाळी बदलली की दुसऱ्या रक्षकाला तो तेच बजावून जाई. सहा दिवस एकही नोंद चुकली नाही.

हरतालिकेच्या दिवशी वाटपाचा कार्यक्रम होता. आदल्या सकाळी प्रदीप मूर्ती पुसून घ्यायला म्हणून गेला. पोपटने कुलूप काढलं, दार ढकललं आणि प्रदीपला बिरड्याचा वास आला.

तो वास रायगडात जन्मलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. प्रदीपने गोणपाट बाजूला केलं. ओलं कापड, बॉयलरची ऊब आणि आत वाल. शीतल वाडगाभर करायची ते कंपनीने मांडणीभर केलं होतं. मूर्तींच्या बैठकीखालून पांढरे मोड बाहेर आले होते. काहींनी लिंपलेली माती ढकलून दिली होती, काहींनी बैठकीलाच चीर पाडली होती. एक गणपती डाव्या बाजूने दोन बोटं वर उचलला गेला होता.

“एकपण तडकला नाय, साहेब,” पोपट अभिमानाने म्हणाला.

“पोपट, हे काय हाय?”

पोपट खाली वाकला. “हे खालनं आलंय,” तो म्हणाला. “मला वरनं तडकायचं बघायला सांगितलं होतं.”

प्रदीपने मूर्ती मोजल्या. अडतीस मूर्तींना मोड होते. फक्त दोन धडधाकट होत्या. त्या सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्यात होत्या, जिथे पोपटची बादली पोचत नव्हती. मग त्याने डोक्यात हिशोब मांडला. चाळीस घरं. परवा चतुर्थी. त्याच्या शब्दावर कोणीही दुसरीकडे पाट दिलेला नाही. आणि त्याच्या स्वतःच्या घरी सतरा माणसं.

त्याने पुंडलिककाकांना फोन लावला. “काका, चाळीस मूर्ती मिळतील? शाडूच्या?”

“कधीला?”

“उद्याला.”

“आरं, परवा गणपती बसायचा आन तू उद्या मागतोस? माझ्याकडं पाय ठेवायला जागा नाय, आणि हायत ते सगळे चिठ्ठीचे. वाल उठला काय?”

“व्हय.”

“बोललो होतो,” काका म्हणाले. “त्याला झोप नाय.”

मग प्रदीपने रोह्यातल्या ओळखीच्या गुरुजींना फोन करून विचारलं, मोड आलेली मूर्ती पूजेला चालते का? “बैठकीला चीर असेल तर बसवू नये. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा ती अजून मातीच आहे, दोष नाही. मोडाचं म्हणाल तर शास्त्रात उल्लेख नाही. असं कुणी करील असं त्यांना वाटलं नसावं.”

दुपारपर्यंत प्रदीपने नागोठण्यापासून पेणपर्यंत मोटारसायकल पिटाळली. कारखान्याकारखान्यांतून माणसं रिकाम्या मांडण्या झाडत होती. जिथे मूर्ती होत्या तिथे प्रत्येकीच्या पाटावर नाव होतं. वडखळजवळ एकाकडे चाळीस मूर्ती सुट्या मिळाल्या, पण त्या प्लास्टरच्या होत्या, रंग झगझगीत, आणि अंगावर चमकी. प्रतिज्ञेचा मसुदा त्याचाच होता. तो परत फिरला.

संध्याकाळी त्याने मृणाली मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं.

“म्हणजे उगवण किती टक्के झाली?” मॅडमनी विचारलं.

“चाळीसपैकी अडतीस. पंच्याण्णव.”

“लक्ष्य नव्वदचं होतं. मग अडचण काय आहे?”

“मॅडम, उगवायचं विसर्जनानंतर होतं. हे स्थापनेच्या आधीच उगवलंय.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “रकान्यात आधी की नंतर, असं विचारलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “फोटो नीट येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सभागृहात एकोणचाळीस कामगार रांगेत बसले. समोरच्या टेबलांवर चाळीस मूर्ती मांडल्या होत्या आणि फोटोग्राफरने मोड कॅमेऱ्याच्या बाजूला करून घेतले होते. प्रदीप माईकपाशी गेला. रात्रभर त्याने भाषण तयार केलं होतं, पण ऐन वेळी त्याला पहिलं वाक्यच आठवेना, म्हणून त्याने शेवटचं म्हटलं.

“या मूर्ती बसवता येणार नाहीत. चूक माझी हाय. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून कोणाकडं पाट दिला नाय, आणि उद्या चतुर्थी. मी काल सगळीकडं फिरलो, मूर्ती कुठं नाय. मला माफ करा.”

कोणी ओरडेल, कोणी निदान उठून तरी जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी बॉयलरवरचा जनू, सगळ्यांत जुना कामगार, खुर्चीच्या कडेवर सरकला.

“साहेब, तुमी टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. “आमचा गणपती कालच घरी आलाय.”

“म्हणजे?”

“पाट दिला होता ना.”

“कधी?”

“नेहमीसारखा. वैशाखात.”

प्रदीपने रांगेवरून नजर फिरवली. “आणखी कोणी दिला होता?”

आधी चार हात वर आले. मग दहा. मग न आलेले हात शोधावे लागले आणि तसा एकही सापडला नाही.

“अहो, पण प्रतिज्ञेवर सह्या केल्यात ना तुम्ही?”

“केल्या की,” जनू म्हणाला. समजूत घालावी तसा त्याचा आवाज होता. “सही कंपनीला दिली. पाट पुंडलिकशेटला दिला.”

“मग ह्या मूर्ती घेऊन काय करणार होतात?”

“फोटो काढणार होतो. साहेब, तुमी मागल्या साली सायकल चालवायची सही घेतलीत, तेव्हा पण फोटो काढला होता.” मागे कोणीतरी हसलं आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं. जनूने हात जोडले. “वाईट नका वाटून घेऊ. पण पाट न देता कोण राहील? आणि एका घरात दोन गणपती बसवत नाय कोणी.”

प्रदीपने तिथूनच फोन लावला. “काका, आमच्या कंपनीच्या माणसांचे पाट तुमच्याकडं होते?”

“निम्मे माझ्याकडं, निम्मे रोह्यातच. का?”

“मला सांगितलं नाय तुम्ही.”

“तू चाळीस मूर्ती मागितल्यास. कोणासाठी, ते कुठं सांगितलंस मला? मी म्हणलं कंपनीला आणखी हव्या असतील. मोठी कंपनी हाय.”

प्रदीपने फोन खाली ठेवला, तेव्हा त्याला एकाच वेळी खूप हलकं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. त्यातलं पहिलं टिकायच्या आतच जनूने विचारलं, “तुमचा पाट कोणाकडं हाय, साहेब?”

प्रदीपने माईक बंद केला.

“नाय दिला?”

“कपाटामागं हाय.”

एकोणचाळीसच्या एकोणचाळीस माणसांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रतिज्ञा पाळणारा माणूस त्यांनी कंपनीत पहिल्यांदाच पाहिला होता. कोणी हसलं नाही. मागच्या भिंतीशी उभा असलेला पोपट पुढे आला, टेबलाच्या टोकाची मूर्ती त्याने दोन्ही हातांनी उचलली, उलटी करून बैठक तपासली आणि प्रदीपसमोर धरली. ती वरच्या फळीवरची होती, उगवणीत नापास झालेल्या दोनांपैकी एक.

“ही कोरडी हाय, साहेब. माझा हात नाय पोचला.”

फोटो काढला. अडतीस मोडाच्या मूर्ती आणि उरलेली एक कोरडी, अशा एकोणचाळीस मूर्ती त्याच टेम्पोने पेणला परत गेल्या. काकांनी त्या भिजवून पुन्हा मातीत घातल्या. गंगीने त्यातले मोडाचे वाल एकेक वेचून घेतले आणि आपल्या वाडीवर कुडाच्या कडेने लावले. ते जवळजवळ सगळे जगले, पण याची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही.

चाळिसावी मूर्ती चतुर्थीला शिसवी पाटावर बसली. सतरा माणसं आली. विलासने मूर्ती बिनरंगाची का, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मोदकांकडे वळला. चार दिवस दुर्वांचं पाणी ठिबकत राहिलं, समई जळत राहिली आणि पाचव्या दिवशी सकाळच्या आरतीला विलासचा आवाज मध्येच थांबला. मूर्तीच्या मागून, पाटाच्या कडेवर, एक कोवळा हिरवा मोड मान वर काढून उभा होता.

“एवढी वर्षं खांबला बसवला,” विलास हळूच म्हणाला, “असं कधी झालं नव्हतं.” त्याने वाकून नमस्कार केला. मग सतरा माणसांनी केला. दुपारपर्यंत मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी केला. वहिनीने तर तिथल्या तिथे नवस बोलला.

प्रदीपने तोंड उघडलं. शीतलने त्याच्या हातात प्रसादाची वाटी दिली. “खा,” ती म्हणाली. तिच्या नजरेत दुसरा पर्याय नव्हता. तो खात राहिला. एकोणचाळीस भागिले चाळीस, साडेसत्त्याण्णव टक्के, एवढं मात्र त्याच्या डोक्यात आपोआप झालं.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी मृणाली मॅडमचं पत्र आलं. प्रायोगिक टप्पा यशस्वी, अध्यक्षांनी खास कौतुक केलं आहे, पुढच्या वर्षी चारशे मूर्ती. सोबत नव्या प्रतिज्ञेचा नमुना जोडला होता. प्रदीपने कामगारांपुढे तो ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्यांनी सह्या केल्या. सगळ्यात वर जनूची सही होती, त्याच्या खाली प्रदीपने आपली केली.

त्या रविवारी तो पेणला गेला. कारखाना रिकामा होता. पुंडलिककाका वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि गंगी मातीचे हौद झाकत होती. प्रदीपने काखेतला शिसवी पाट काढून भिंतीशी ठेवला. त्यावर नावाची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवरून चिकटपट्टी दोनदा फिरवलेली होती.

“आरं, आतापासून?” काकांनी चष्मा वर केला. “आकरा महिने हायत अजून.”

“असू दे इथंच.”

“आन कंपनीची ऑर्डर?”

“चारशेची हाय.”

“चारशे?” गंगीने हौदावरचा हात थांबवला. “दादा, त्या कोण बसवणार?”

“कोणी नाय,” प्रदीप म्हणाला आणि आपला पाट जरा आत, कोरड्या कोपऱ्यात सरकवला. “सह्या सगळ्यांच्या हायत.”